घरांतून धूर निघाला म्हणून



तुमच्या घरांतून धूर निघतांना दिसला म्हणून अंमलदार आंत शिरले आणि भांडें फोडून गेले, तर? हंसूं नका. चीन देशांतील खेड्यापाड्यांतून हें घडलेलें आहे. तीं माणसें आपल्यासारखींच माती खाणारीं, म्हणून त्यांची हकीगत सांगतों.

सन १९५८ च्या ऑगस्टांत माओच्या पक्षानें ठराव केला व वर्ष संपण्यापूर्वीं बहुतेक सारीं गांवें कम्यूनमध्यें गोंवलीं. जमीन, अवजारें, जनावरें समाईक. जेवण सार्वजनिक भटारखान्यांत. मग घरच्या कढईचें काम काय? ती पोलाद करण्यासाठीं अंगणांतल्या भट्टींत गेली. बहुतेक ठिकाणीं निघाले ते ठिसूळ गोळे. त्यांचा ना फाळ होईना ना विळा. आमच्या लोहारदादानें हें भाता धरण्यापूर्वींच सांगितलें असतें. पण लोहाराला विचारतो कोण! माणसें भट्टीवर अडकलीं आणि पीक शेतांत सडलें.

त्याहून वाईट कागदानें केलें. वरच्याला खूष करण्यासाठीं खालच्यानें पीक चौपट, दहापट लिहिलें. मी शाळामास्तर, तपासणी येणार म्हटली कीं हजेरीपट कसा फुगतो तें मला ठाऊक आहे. पण फुगलेल्या हजेरीनें कोणी उपाशी मरत नाहीं. तेथें सरकारनें कागदावरच्या पिकावर वसुली काढली. धान्य पुरेना तेव्हां बियाण्याला हात घातला, आणि “लपविलेंस” म्हणून मार शेतकऱ्यालाच. भटारखान्याची पळी ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं गांवाचा प्राण. तोंड उघडणाऱ्याचें जेवण बंद. घरीं पाला उकडावा तर धुरावर पहारा. गांव सोडावें तर १९५८ च्याच नोंदणी-कायद्यानें नांव गांवाला बांधलेलें.

संरक्षणमंत्री पेंग दह्वाय हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. १९५९ च्या जुलैंत त्यानें माओला खाजगी पत्र लिहून हें कळविलें; त्याचें पद गेलें. मग बाकीचे गप्प बसले. १९६१ पर्यंत किती माणसें मेलीं, याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

भटारखाने १९६१ त मोडले, कम्यून राहिल्या. १९७८ च्या हिवाळ्यांत आन्हुइ प्रांतांतल्या श्यावगांग गांवीं १८ शेतकऱ्यांनीं रात्रीं चोरून जमीन घराघरांत वांटून घेतली आणि कागदावर आंगठे उठविले. त्या कागदांत एक कलम होतें: यापायीं कोणी तुरुंगांत गेला, तर त्याचीं मुलें १८ वर्षांचीं होईपर्यंत बाकीच्यांनीं पोसावीं.