समाजकार्यातील नाते : मन, कुटुंब आणि संस्था

समाजकार्यकर्त्याजवळ वैद्याप्रमाणे औषध नसते, की अभियंत्याप्रमाणे यंत्रसामग्री नसते. कायद्याने दिलेले थोडेफार अधिकार, शासकीय योजनांची माहिती आणि तो स्वतः, एवढेच त्याचे भांडवल. संकटात सापडलेल्या माणसाशी त्याचे जे नाते जुळते, त्या नात्यामधूनच त्याला आपले कार्य करावे लागते. हे नाते म्हणजे गोड शब्द आणि सहानुभूती, असा समज पुष्कळदा आढळतो. या व्याख्यानात मांडावयाचा विचार त्याहून निराळा आहे. नाते हे प्रथमतः जाणून घेण्याचे साधन होय. आणि हे साधन एकट्या कार्यकर्त्याच्या चांगुलपणावर टिकत नाही, त्याच्या पाठीशी असलेल्या संस्थेच्या घडणीवर टिकते. इंग्लंडमधील बालसंरक्षणाच्या इतिहासात या विधानाचा पुरावा मिळतो, आणि या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत काही मुलांनी आपल्या प्राणांनी मोजलेली आहे.

आधुनिक समाजकार्याच्या प्रारंभी नात्यापेक्षा माहितीला अधिक महत्त्व होते. मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीने 1917 साली सामाजिक निदानावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कुटुंब, शेजारी, शाळा, मालक अशा सर्व ठिकाणांहून पुरावा गोळा करावा आणि त्यावरून गरजू व्यक्तीच्या अडचणीचे निदान करावे, अशी तिची पद्धत होती. पुढील दशकात फ्रॉइडचे विचार या क्षेत्रात शिरले. माणूस आपली अडचण सांगतो तेव्हा तो सगळेच सांगत नाही. पुष्कळसे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, ही जाणीव वाढली. व्हर्जिनिया रॉबिन्सन यांनी 1930 साली मदत घेणारा आणि मदत देणारा यांच्यातील नात्यालाच व्यक्तिसहाय्य कार्याच्या केंद्रस्थानी आणले. 1957 साली फेलिक्स बीस्टेक यांनी या नात्याची सात तत्त्वे सांगितली. त्यांत व्यक्तीचा जसा आहे तसा स्वीकार, तिच्याविषयी निवाडा न करणे, तिचा स्वयंनिर्णयाचा अधिकार आणि गुप्तता यांचा समावेश होता. भारतात हा विचार लवकरच पोहोचला. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन होते. तेच विद्यालय आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

मनोविश्लेषणाने समाजकार्याला नेमके काय दिले, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजू शकेल. एक आई आपल्या मुलासंबंधी बोलण्यास कार्यालयात येते. पहिल्या भेटीपासूनच ती कार्यकर्तीवर संतापलेली आहे. कार्यकर्तीने तिचे काहीही वाकडे केलेले नाही. मात्र लहानपणी ज्या मोठ्या माणसांनी तिला वेळोवेळी वाऱ्यावर सोडले, त्यांच्याविषयीचा राग ती या समोरच्या बाईवर काढीत आहे. यालाच भावसंक्रमण म्हणतात. आता कार्यकर्तीच्या मनात काय घडते ते पाहावे. तिला आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते आणि ही भेट लवकर संपावी अशी इच्छा होते. जुन्या मतानुसार अशी भावना हा कामातील दोष होता. पॉला हाइमान यांनी 1950 साली असे प्रतिपादन केले की, उपचारकाच्या मनात उमटणारी भावना ही समोरच्या व्यक्तीच्या मनाचा ठाव घेण्याचे साधनही असते. कार्यकर्तीला वाटणारा निरुपयोगीपणा हा कदाचित त्या आईचाच, शब्दांत न मावलेला अनुभव असेल. ‘कदाचित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपली भावना कोणती आणि दुसऱ्याची कोणती, हे तपासल्यावाचून असा निष्कर्ष काढणे घातक ठरते.

या विचाराची परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. सप्टेंबर 1939 मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने इंग्लंडच्या शहरांतून लक्षावधी मुले खेड्यांत हलविण्यात आली. त्यांतील काही मुले अंथरूण ओले करीत, चोऱ्या करीत, पळून जात. त्यांना कोणतेही कुटुंब ठेवून घेईना. अशांसाठी ऑक्सफर्डशायरमध्ये वसतिगृहे उघडण्यात आली. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट तेथे सल्लागार म्हणून आठवड्यातून एकदा जात. क्लेअर ब्रिटन या समाजकार्यकर्त्या तेथे काम करीत. मुलांना सांभाळणाऱ्यांजवळ मानसशास्त्राचे शिक्षण नव्हते. त्यांनी सिद्धान्त शिकावेत, असा या दोघांचा आग्रह नव्हता. मुलाने आरडाओरड केली, वस्तू फोडल्या, तरी सांभाळणारे मोठे माणूस सूड न घेता आणि पाठ न फिरवता टिकून राहते, हा अनुभव मुलास मिळावा, हे खरे कार्य होते. त्यासाठी सांभाळणाऱ्यांनाही आपला वैताग कोणापाशी तरी बोलून दाखविता यावा लागे. आठवड्याच्या भेटीचे महत्त्व येथे होते.

पुढे क्लेअर ब्रिटन यांनी मुलांशी संवाद कसा साधावा यावर मोलाचे लेखन केले. दुःखी मुलाला समोर बसवून प्रश्न विचारल्यास ते मिटून जाते. त्याच्याबरोबर फिरावे, चित्र काढावे, मोटारीतून एकत्र प्रवास करावा. दोघांच्या मध्ये एखादी तिसरी गोष्ट असली की मुलाला जवळही राहता येते आणि सुरक्षित अंतरही राखता येते. याच काळात, जानेवारी 1945 मध्ये, श्रॉपशायरमधील एका शेतावर सांभाळण्यास दिलेला डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा छळामुळे मरण पावला. दोन स्थानिक प्राधिकरणांमध्ये जबाबदारी विभागली गेली होती आणि देखरेख दोहोंच्या मध्ये हरवली होती. निराधार मुलांच्या संगोपनाची चौकशी करणाऱ्या कर्टिस समितीपुढे विनिकॉट आणि ब्रिटन या दोघांनीही आपले म्हणणे मांडले. समितीचा अहवाल 1946 मध्ये आला आणि 1948 च्या बालक अधिनियमाने प्रत्येक प्राधिकरणात मुलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे आवश्यक केले.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. बार्बरा वूटन यांनी 1959 साली अशी टीका केली की, समाजकार्यकर्ते मनोविश्लेषकाचा आव आणतात आणि गरिबाच्या व्यावहारिक अडचणीत त्याच्या स्वभावाचे दोष शोधत बसतात. हा आक्षेप टाळता येणारा नाही. ज्या घराचे भाडे थकले आहे, त्या घरातील आईच्या बालपणाची चर्चा करणे क्रूरपणाचे ठरू शकते. नाते हे भाकरीऐवजी द्यावयाची वस्तू नव्हे. मात्र भाकरी कशी दिली जाते, घेणाऱ्याचा मान राखला जातो की नाही, हेही नात्यावरच अवलंबून असते.

या आक्षेपाचे अंशतः उत्तर व्यवस्थात्मक दृष्टीने दिले. ही दृष्टी माणसाच्या अंतर्मनाऐवजी माणसा-माणसांमधील व्यवहाराकडे पाहते. साल्वादोर मिनूशिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांतील कुटुंबांचा अभ्यास करून 1967 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांना एकटे सुधारू पाहण्याऐवजी त्यांनी सबंध कुटुंबाला एकत्र बोलाविले. मिलान येथील मारा सेल्विनी पालाझोली व त्यांचे सहकारी यांनी 1980 साली प्रश्न विचारण्याची एक विशिष्ट रीत सविस्तर मांडली. ‘तुला कसे वाटते?’ असे मुलाला विचारण्याऐवजी, ‘आई रडू लागली म्हणजे बाबा काय करतात, आणि त्या वेळी ताई कोठे जाते?’ असे विचारावयाचे. अशा प्रश्नांतून चोरी करणारा मुलगा हा केवळ अपराधी उरत नाही. आईवडिलांचे भांडण थांबविण्याचा तोच एक मार्ग त्याला सापडला असेल, अशी शक्यता दिसू लागते. कारण आणि परिणाम एका सरळ रेषेत न राहता वर्तुळात फिरू लागतात.

परंतु या दृष्टीचा खरा कस तेव्हा लागतो, जेव्हा ती कुटुंबावरून उचलून मदत करणाऱ्या संस्थेवर लावली जाते. इझाबेल मेन्झीस यांचा लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांविषयीचा अभ्यास 1960 साली प्रसिद्ध झाला. मरण, वेदना आणि देहाची शुश्रूषा यांच्या नित्य सहवासाने परिचारिकांच्या मनात तीव्र चिंता निर्माण होई. रुग्णालयाने ती चिंता ऐकून घेण्याऐवजी तिच्यापासून दूर राहण्याच्या रीती बनविल्या होत्या. काम तुकड्यातुकड्यांत वाटले जाई, जेणेकरून कोणत्याही परिचारिकेचा एका रुग्णाशी फार काळ संबंध येऊ नये. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगाने होई. या रीतींनी चिंता दूर झाली नाही. उलट कामातील समाधान मात्र नाहीसे झाले आणि अनेक विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून गेल्या.

याच धाग्यावर जॅनेट मॅटिन्सन यांनी 1975 साली पर्यवेक्षणाविषयी एक निरीक्षण नोंदविले. कुटुंबात जे घडत असते त्याचे प्रतिबिंब कार्यकर्ता आणि त्याचा पर्यवेक्षक यांच्या संभाषणात उमटते. घरात सगळे घाबरलेले असतील तर कार्यकर्ताही घाबरून बोलतो, आणि ऐकणाराही कारण न कळता अस्वस्थ होतो. पर्यवेक्षक हे प्रतिबिंब ओळखू शकला, तर घरातले गुपित कार्यालयात उलगडते. पर्यवेक्षण म्हणजे केवळ नोंदवह्या तपासणे असेल, तर ते गुपित घरातच राहते.

गुपित घरातच राहिले म्हणजे काय होते, हे व्हिक्टोरिया क्लिम्बीए हिच्या मृत्यूने दाखवून दिले. आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2000 मध्ये लंडन येथे मरण पावली. तिला सांभाळणारी आजीच्या नात्यातील स्त्री आणि तिचा सोबती यांना 2001 साली खुनाबद्दल शिक्षा झाली. चार प्राधिकरणांच्या समाजसेवा विभागांशी, दोन रुग्णालयांशी आणि पोलिसांशी या मुलीचा संबंध आला होता. तरी तिच्या रोजच्या जगण्याचे खरे चित्र यांपैकी एकाही ठिकाणी उभे राहिले नाही. तिला खरूज असल्याचे निदान झाल्यावर संसर्गाच्या भीतीने घरी भेट देणे टाळले गेल्याचेही चौकशीत पुढे आले. लॉर्ड लेमिंग यांच्या 2003 च्या अहवालात 108 शिफारशी होत्या. अँड्रू कूपर आणि मार्गारेट रस्टिन यांनी 2005 साली या अहवालाचे मनोविश्लेषणाच्या अंगाने परीक्षण केले. माहिती नव्हती असे नव्हे. जे दिसत होते ते मनात येऊ देणेच असह्य होते, ही बाब त्यांनी पुढे आणली. अधिक नियम केल्याने ही असह्यता कमी होत नाही.

आयलीन मन्रो यांच्या 2011 च्या शासकीय अहवालाने हीच गोष्ट व्यवस्थात्मक भाषेत सांगितली. प्रत्येक दुर्घटनेनंतर नवी कार्यपद्धती, नवे अर्ज आणि नव्या मुदती आल्या. कार्यकर्ता संगणकापुढे अधिक आणि मुलांच्या सहवासात कमी राहू लागला. नियम पाळला गेला का, हे विचारले जाऊ लागले. मुलाला मदत मिळाली का, हे विचारणे मागे पडले. चिंतेने ग्रासलेल्या व्यवस्थेने आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

यावरून निघणारे निष्कर्ष व्यावहारिक आहेत. एका कार्यकर्त्याकडे किती कुटुंबे सोपवावयाची, हा केवळ कामाच्या वाटणीचा प्रश्न नव्हे. त्यावर त्याची पाहण्याची शक्ती अवलंबून असते. कार्यकर्ते वारंवार बदलले, तर प्रत्येक बदल मुलाला पुन्हा एकदा सोडून दिल्याचा अनुभव देतो. भीती वाटली, हे पर्यवेक्षकाला सांगता येणे हा कामाचा भाग मानला गेला पाहिजे. कार्यकर्त्याने दार उघडेपर्यंत थांबावे, आत गेल्यावर मुलाजवळ बसावे, आणि परत आल्यावर आपल्याला काय वाटले ते स्पष्टपणे बोलावे. ते ऐकून घेणारे माणूस कार्यालयात असावे. एवढी साधी साखळी जिथे तुटते, तिथे कितीही नियम केले तरी मुलाचे दुःख कागदावर उतरते आणि कागदावरच राहते.