सॅल्फर्डची जो

'अ टेस्ट ऑफ हनी' या इंग्रजी नाटकाचा पहिला प्रयोग २७ मे १९५८ रोजी पूर्व लंडनच्या थिएटर रॉयल, स्ट्रॅटफर्ड ईस्ट या नाट्यगृहात झाला. लेखिका शीला डेलेनी तेव्हा अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्ड शहरातल्या कामगार वस्तीत त्या वाढल्या होत्या. टेरेन्स रॅटिगन यांचे एक नाटक पाहून आपण याहून बरे लिहू असे त्यांना वाटले. थोड्याच दिवसांत त्यांनी नाटक लिहून दिग्दर्शिका जोन लिटलवुड यांच्याकडे पाठवले.

नाटकाची नायिका जो ही शाळा सोडायच्या बेतात असलेली मुलगी. आई हेलन तिला घेऊन एका भाड्याच्या खोलीतून दुसरीत फिरत असते. पडदा उघडतो तोही बोचकी घेऊन एका कळकट खोलीत शिरणाऱ्या या मायलेकींवर. हेलन एका पैसेवाल्या पुरुषाशी लग्न करून निघून जाते. जोला एका कृष्णवर्णीय खलाशापासून दिवस जातात आणि तोही जहाजावर परततो. मग तिच्याकडे राहायला येतो जेफ. घरमालकिणीने बाहेर काढलेला हा कलाशाळेतला विद्यार्थी समलैंगिक आहे.

जेफला रंगमंचावर आणणे सोपे नव्हते. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावी लागे. (प्रयोगाआधी परवानगीचा हा खटाटोप मराठी नाटकवाल्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे.) समलैंगिकतेच्या विषयाला तिथे मज्जाव होता, आणि पुरुषांमधले असे संबंध १९६७पर्यंत इंग्लंडच्या कायद्याने गुन्हाच होते. डेलेनींनी जेफवर कुठलाही शिक्का मारला नाही. तो खोली झाडतो, स्वयंपाक करतो, बाळाच्या कपड्यांची तयारी करतो, लग्नाचेही विचारतो. हसण्यासाठी किंवा घृणेसाठी उभे केलेले हे पात्र नव्हे. नाटकात जोची खरी काळजी वाहणारा माणूस कोणी असेल, तर तो हाच.

खलाशाच्या बाबतीत हिशेब इतका सरळ नाही. तुझे पूर्वज आफ्रिकेचे का, असे जो त्याला विचारते, तेव्हा तो कार्डिफचे नाव घेतो. वेल्समधल्या त्या बंदरात कृष्णवर्णीय खलाशांची वस्ती जुनी होती, त्यामुळे उत्तर खरेच आहे. शिवाय जोच्या डोक्यातल्या आफ्रिकी राजपुत्राच्या कल्पनेलाही त्याने सुई टोचली जाते. हा तरुण पूर्वी रुग्णालयात परिचारकाचे काम करत होता, हेही कळते. साचेबद्ध पात्राला असे तपशील सहसा मिळत नाहीत. मात्र पात्रांच्या यादीत तो नुसता 'मुलगा' आहे, आणि पहिल्या अंकानंतर दिसतही नाही. त्याचे पुढे काय झाले, मूल होणार हे त्याला कळले का, याची फिकीर नाटकाला नाही. डेलेनींना जोची कोंडी आतून ठाऊक होती, खलाशाचे जग बाहेरूनच दिसले होते. दोघांना मिळालेल्या जागेतला फरक तिथून आला असावा.

तरी वर्णाचा प्रश्न त्याच्याबरोबर निघून जात नाही. बाळ हाताळण्याच्या सरावासाठी जेफ एक बाहुली आणतो. तिचा रंगच चुकीचा आहे म्हणत जो ती भिरकावून देते, आणि आपल्याला आई व्हायचेच नाही असे ओरडते. एवढ्याशा प्रसंगात गोरी बाहुली, जोची धास्ती आणि आईपणाबद्दलचा तिचा राग एकत्र येतात. शेवटी हेलन परतते आणि जेफला घालवून देते. बाळ काळे असेल हे ऐकताच ती दारू प्यायला बाहेर पडते. कळा सुरू झालेली जो खोलीत एकटी उरते. पहिल्या प्रयोगाच्याच वर्षी, १९५८च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, लंडनच्या नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीयांवर जमावाचे हल्ले झाले. नाटक त्याआधीचे आहे.

१९५९मध्ये नाटक लंडनच्या वेस्ट एंडला गेले, १९६०मध्ये ब्रॉडवेवर. १९६१मध्ये टोनी रिचर्डसन यांनी त्यावर चित्रपट केला. पटकथा त्यांनी आणि डेलेनींनी मिळून लिहिली. चित्रीकरण बरेचसे प्रत्यक्ष रस्त्यांवर आणि कालव्याकाठी झाले. जो झालेल्या रीटा टशिंगहॅम आणि जेफ झालेले मरे मेल्विन या दोघांना १९६२च्या कान महोत्सवात अभिनयाची पारितोषिके मिळाली. खलाशाचे काम पॉल डँक्वा यांनी केले. तिथेही तो मधेच जहाजावर निघून जातो.