पंचसूत्री गटात, तशी घरातही
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत सीआरपी ताईंनी केलेलं भाषण)



गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाची वही पूर्ण. या पाचही सवयीच आहेत. गटाला कर्ज देताना बँक हेच बघते. पण गटात जे पाळतो, ते आपण घरी आणि धंद्यात पाळतो का?

बैठकीत बचत का चुकत नाही? वार ठरलेला, वेळ ठरलेली आणि सोबत दहा जणी बसलेल्या. घरी मात्र आपण म्हणतो, "सवड मिळाली की लिहू." बाईमाणसाला सवड कधी मिळते का? म्हणून सवडीची वाट बघू नका. रोजच्या एखाद्या कामाला हे काम जोडून घ्या. रात्रीची भांडी आवरली की लगेच वही उघडायची. पाच मिनिटं पुरतात.

लिहायचं काय? समजा, आजच्या बाजारात पापड विकून 1,280 रुपये आले. उडीद डाळ, पापडखार, मिरी, तेल मिळून 800 गेले होते. पिशव्या आणि जाण्यायेण्याचं भाडं 120. उरले 360. ही आपल्या मेहनतीची कमाई. पण सगळे 1,280 एकाच डब्यात टाकले, त्यातूनच किराणा आणला, पोरांची वह्या-पुस्तकं आणली, तर पुढच्या खेपेला डाळीला पैसे कुठून आणणार? मग उधारी. धंदा तोट्यात नव्हता, पण पैसे एकात एक मिसळले.

म्हणून डबे वेगळे ठेवा. 920 रुपये परत धंद्याच्या डब्यात. 360 मधले 150 आधी हप्त्याला बाजूला काढायचे, उरलेले 210 घराला. असे चार बाजार झाले की 600 चा हप्ता तयार. हप्ता थांबला की गटाचा पैसा अडकतो आणि दुसरीच्या लेकीची फी नाहीतर दवाखाना अडतो, हे विसरू नका.

लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. पण आकडे तुम्ही सांगा आणि शेवटी वाचून घ्या. लग्नकार्य, आजारपण, पेरणी असते, एखादा दिवस राहूनही जाईल. दुसऱ्या दिवशी मात्र वही उघडायचीच. नाहीतर दोनाचे चार दिवस होतात आणि वही कोनाड्यात पडते.

सगळ्या सवयी एकदम नकोत. या महिन्यात एकच, रोजचा जमाखर्च. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. बचतीची नोंद झाली की शेजारच्या ताईला वही दाखवायची. आकडे नकोत, पानं भरलीत का एवढंच बघायचं. विचारणारं कुणी असलं की सवय टिकते, आणि ते माणूस गटात आपल्या शेजारीच बसलेलं आहे.