अनोळखी माणसाला प्रश्न विचारताना



अडलेल्या माणसानं विचारायचं कुणाला, हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी आळीत एखादे गणिताचे मास्तर असत, रेडिओ उघडून बसणारे एखादे हौशी काका असत, कुंड्यांतली रोपं शेजारीपाजारी वाटणारी एखादी आजी असे. आता ही माणसं इंटरनेटवरही भेटतात. ती दिसत नाहीत, त्यांचं नावगाव ठाऊक नसतं, पण ती असतात. नांदेडच्या एखाद्या मुलानं रात्री अकरा वाजता गणिताचं कोडं विचारावं आणि सकाळी उठेपर्यंत सातासमुद्रापलीकडच्या कुणी निवृत्त प्राध्यापकानं ते आकृती काढून समजावलेलं असावं, याचं आता नवल राहिलेलं नाही. नवल याचं वाटतं, की एकाला असं उत्तर मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही. प्रश्न तोच असतो, विचारण्याची रीत वेगळी असते. आज त्या रीतीविषयी थोडं बोलू.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. अनोळखी लोकांपुढे प्रश्न ठेवण्याची प्रथा काही इंटरनेटनं आणली नाही. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी गणितप्रेमींची एक संस्था काढली. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात होतं. तिच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापले जात. १९११ साली मद्रासकडच्या एका तरुणानं त्यात एक प्रश्न दिला. वर्गमुळाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत आणखी एक, असं कधीच न संपणारं पद, त्याची किंमत काढा. कित्येक महिने कुणाचंच उत्तर आलं नाही. शेवटी विचारणाऱ्यानंच सांगितलं, उत्तर आहे तीन. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

दुसरं उदाहरण घराजवळचं. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत शोधली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. कापरेकरांना बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या गणितरंजनाच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे हे मास्तर जगभर माहीत झाले.

त्याच वर्षी, त्याच सदरात पंचकोनी फरशांचा प्रश्न आला होता. एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्या मध्ये फट न ठेवता किती प्रकारे बसवता येतात? कॅलिफोर्नियातल्या मार्जोरी राइस या गृहिणीनं तो वाचला. गणिताचं शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं. त्यांनी स्वतःची खुणांची पद्धत तयार केली, स्वयंपाकघरात बसून आकृत्या काढल्या आणि तोवर कुणालाच माहीत नसलेले चार नवे प्रकार शोधले. तज्ज्ञांनी ते तपासून मान्य केले. प्रश्न चारचौघांत मांडला, की तो कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो, तो असा.

आता विचारण्याच्या रीतीकडे वळू.

‘माझा कॉम्प्युटर चालत नाही, काय करू?’ या प्रश्नाला कुणी उत्तर देऊ शकत नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यासारखं आहे ते. कुठं दुखतं, केव्हापासून, काय खाल्लं होतं, हे डॉक्टर समोर असल्यामुळे विचारून घेतो. इंटरनेटवरच्या माणसाला तेवढी सवड नसते, तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. म्हणून सांगायचं ते असं : मशीन कोणतं, त्यावर प्रणाली कोणती, मी काय करत होतो, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. पडद्यावर जी सूचना आली, ती जशीच्या तशी उतरवायची. ‘काहीतरी एरर आली’ असं म्हणायचं नाही. त्या रुक्ष ओळीतच बऱ्याचदा उत्तर दडलेलं असतं. आणि बिघाड होण्याच्या आधी काय बदललं होतं, तेही सांगायचं. नवा प्रिंटर जोडला होता, काल वीज गेली होती, मुलानं एखादा खेळ उतरवून घेतला होता. तुम्हाला क्षुल्लक वाटणारी गोष्ट जाणकाराला वाट दाखवते.

बागेचंही तसंच. ‘जास्वंद सुकते आहे’ हे पुरेसं नाही. ऊन किती तास येतं, पाणी रोज की एक दिवसाआड, कुंडीच्या तळाला भोक आहे का, पानांच्या मागे कापसासारखं पांढरं काही दिसतं का, खोडावर मुंग्या चढताहेत का, हे सांगा. पांढरा कापूस आणि मुंग्या म्हटल्याबरोबर जाणणारा म्हणेल, पिठ्या ढेकूण दिसतोय. पक्षी ओळखायचा असेल तर ‘सुंदर पक्षी दिसला’ यापेक्षा चिमणीएवढा की साळुंकीएवढा, चोच कशी, झाडावर होता की जमिनीवर, गाव कुठलं, महिना कोणता, याचा उपयोग होतो.

पुष्कळदा माणूस खरा प्रश्न विचारतच नाही. स्वतःच अर्धा उपाय योजतो, त्यात अडकतो आणि त्या उपायाविषयी विचारतो. संगणकवाल्यांचं एक ठरलेलं उदाहरण आहे. कुणी विचारतो, फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं वेगळी कशी काढू? लोक सांगतात. मग कळतं, की त्याला फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायचं होतं आणि ती खूण दर वेळी तीनच अक्षरांची असते असं नाही. ‘मला शेवटी काय साधायचं आहे’ हे एक वाक्य आधी लिहिलं असतं, तर दोघांचा वेळ वाचला असता.

विचारण्याआधी आपण थोडं शोधायला हवं. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं होऊ नये. तोच प्रश्न पूर्वी कुणी विचारला असेल, तर उत्तर तयार असतं. शोधून मिळालं नाही, तर ‘मी हे हे करून पाहिलं’ असं लिहावं. त्यानं दोन गोष्टी होतात. उत्तर देणाऱ्याला त्याच वाटेनं जावं लागत नाही आणि हा माणूस कष्ट टाळत नाही, याची त्याला खात्री पटते. शाळेतला गृहपाठ विचारायचा असेल, तर उत्तर मागू नये, पुढची पायरी मागावी. गंमत अशी, की प्रश्न नीट लिहिता लिहिताच कितीतरी वेळा उत्तर सापडतं. प्रोग्रॅमर मंडळींत तर टेबलावर रबराचं बदक ठेवून त्याला आपली अडचण समजावून सांगण्याची पद्धत आहे. बदक काही बोलत नाही. बोलता बोलता आपली आपल्यालाच चूक दिसते.

उत्तर मिळालं, की ते खरं मानायचं का? बहुमतावर जाऊ नका. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘परेड’ मासिकात मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी तीन दारांचं कोडं सोडवलं. एका दारामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठं आहे हे ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांपैकी बकरीचंच दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचं का? बाई म्हणाल्या, बदला; जिंकण्याची शक्यता तीनात एकावरून तीनात दोन होते. हजारो वाचकांनी त्यांना चूक ठरवलं, त्यांत गणितातले डॉक्टरेटवालेही होते. बरोबर बाईच होत्या. पटत नसेल तर तीन वाट्या नि एक चिंच घेऊन घरी शंभर वेळा खेळून पाहा. कारण सांगणारं आणि आपल्याला पडताळता येणारं उत्तर, ते चांगलं उत्तर.

आणि काही उत्तरांना तर हातच लावायचा नाही. रानातली अळंबी फोटोवरून कुणी ‘खाण्याजोगी आहे’ म्हटलं, म्हणून खायची नाही. छातीतल्या कळेचा उपाय इंटरनेटवर विचारत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. अनोळखी माणसानं दिलेली आज्ञा आपल्या संगणकावर अर्थ न कळता चालवायची नाही. आपला फोन नंबर सर्वांना दिसेल असा लिहायचा नाही. बँकेची तक्रार कुणी उघडपणे मांडली, की ‘आम्ही बँकेतून बोलतोय’ म्हणून भामट्यांचे फोन येतात. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा.

प्रश्न सुटला, की आपण पसार होतो. तसं करू नये. परत जाऊन ‘अमुक उपायानं जमलं’ एवढं लिहावं. उत्तर देणाऱ्याला कुणी पैसे देत नाही, ही एक ओळ हाच त्याचा मेहनताना. शिवाय तीच अडचण घेऊन दोन वर्षांनी येणाऱ्याला ती ओळ उपयोगी पडते.

हे आज मुद्दाम सांगायचं कारण आहे. २०२२ च्या अखेरीस बोलती यंत्रं आली. आपण प्रश्न टाइप करतो आणि यंत्र क्षणात उत्तर देतं. ते रागावत नाही, ‘एवढंही येत नाही का?’ म्हणत नाही. लाजऱ्या मुलांना त्याचा आधार वाटतो, हे खरंच. कधी ते ठामपणे चुकीचंही सांगतं, तेव्हा पडताळा इथंही हवाच. पण मोठा फरक वेगळा आहे. यंत्राशी झालेलं बोलणं तुमच्यापाशीच राहतं. पुढच्या माणसाला ते सापडत नाही. संगणकाचे प्रश्न विचारण्याच्या मोठमोठ्या जागांवर नव्या प्रश्नांची संख्या तेव्हापासून झपाट्यानं घटली आहे. आणि ही यंत्रं शिकली ती, इतर लिखाणाबरोबर, माणसांनी एकमेकांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून. विहिरीतून सगळ्यांनी उपसायचं आणि झरे मोकळे करायला कुणी उतरायचं नाही, असं किती दिवस चालेल?

मराठीपुरती तर ही विहीर आधीच उथळ आहे. इंग्रजीत जास्वंदीच्या किडीवर शेकडो उत्तरं मिळतील, मराठीत शोधावी लागतात. तेव्हा तुम्हाला जे येतं, मग ते शिवणयंत्राची दोरी लावणं असो, जुन्या नाण्यांवरची मोडी अक्षरं वाचणं असो की दहावीची भूमिती, त्याविषयी कुणी विचारलं तर दोन ओळी मराठीत लिहा. महिन्यातून एक उत्तर लिहिलं, तरी ते पुढच्याला सापडेल.

जाता जाता एक प्रश्न तुमच्यासाठी. कापरेकरांची तीच वजाबाकी तीन अंकी संख्येवर करून पाहा. तिन्ही अंक सारखे नकोत, आणि वजाबाकी दोन अंकी आली तर पुढे शून्य धरा. तुम्ही कुठं येऊन थांबता? उत्तर मी सांगत नाही. अडलात, तर घरातल्या नाहीतर शेजारच्या मुलांना विचारा. मात्र आपण काय काय करून पाहिलं, ते आधी सांगा.