मध्यरक्षकाची किंमत

(वासंतिक व्याख्यानमालेत जुन्नर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आळेफाट्यावरून कल्याण-नगर रस्त्याने पूर्वेला निघालात आणि आणे घाट ओलांडलात की पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर लागतं. आपल्या शेजारचंच गाव. अस्लम इनामदार या गावचा. २०२३च्या ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारतीय कबड्डी संघाने इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्णपदक मिळवलं, त्या संघात अस्लम होता. पुढे १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पहिल्यांदा चषक जिंकला, तेव्हा कर्णधारही तोच होता. त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली.

मौल्यवान म्हणजे नेमका कोण, यावर मला आज बोलायचं आहे. आपल्या भागातल्या प्रत्येक गावात संध्याकाळी मैदान आखलं जातं. तिथल्या एखाद्या पोराबद्दल आपण सहज म्हणून टाकतो, “हा पुढं जाणार.” हे आपण कशावरून म्हणतो? आणि पुढं जाण्याची वाट नक्की कशी आहे?

गेल्या काही वर्षांत खेळाडूची किंमत करण्याचं एक नवं माप आपल्या पोरांच्या हातात आलं. त्याचं नाव फँटसी. सामना सुरू होण्याआधी मोबाइलवर सात खेळाडूंचा संघ मांडायचा. प्रत्येकाला ठरलेले क्रेडिट, सगळे मिळून शंभरच्या आत बसवायचे. कर्णधार केलात त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. चढाईला गुण, पकडीला गुण, बाद झाला की वजा. ड्रीम इलेव्हन ही मुंबईची कंपनी २००८ साली सुरू झाली आणि बघता बघता हा खेळ कॉलेजच्या कट्ट्यापासून एसटी स्टँडपर्यंत पोचला. पैसे लावून हे संघ मांडले जात होते, घरोघरी त्यावरून कटकटी होत होत्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांच्या स्पर्धा बंद झाल्या. माझ्या मते ते योग्यच झालं. उसाचं बिल आणि टोमॅटोची पट्टी त्यात घालवलेली घरं मी पाहिली आहेत. पण पैसा गेला तरी मोजण्याची सवय राहिली, आणि मला काळजी आहे ती त्या सवयीची.

ही सवय मूळची अमेरिकेची. १९८० साली न्यूयॉर्कमधल्या काही मित्रांनी बेसबॉलच्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करायला सुरुवात केली. डॅनियल ओक्रेंट हा त्यांचा म्होरक्या. ज्या उपाहारगृहात ते जमत त्याच्या नावावरून त्या खेळाला रोटिसरी म्हणू लागले. फलंदाजांसाठी त्यांनी चार रकाने ठरवले: फलंदाजीची सरासरी, होमरन, फटक्यावर घरी आणलेल्या धावा आणि चोरलेले तळ. क्षेत्ररक्षणाचा रकानाच नव्हता. आता बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधे शॉर्टस्टॉप उभा असतो. आतल्या फळीतली सगळ्यांत अवघड जागा ती. बाल्टिमोरचा मार्क बेलँजर अठरा हंगाम खेळला. शॉर्टस्टॉप म्हणून उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह त्याला आठ वेळा मिळाला. अठरा हंगामांत त्याचे होमरन मात्र फक्त वीस. रोटिसरीच्या वहीत त्याला कुणी फुकटातही घेतला नसता. बाल्टिमोरने त्याला सोळा-सतरा वर्षं सोडला नाही.

आपल्या कबड्डीतला असा माणूस म्हणजे मध्यरक्षक. पोरं ज्याला कव्हर म्हणतात तो.

एक चढाई जरा सावकाश पाहू. सात जण उभे आहेत. चढाईपटू निदान रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे वळतो. लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची ही तिसरी चढाई आहे, म्हणजे गुण आणला नाही तर तो बाद. हातात तीस सेकंद. डावा कोपरारक्षक पाय मागे ठेवून थोडा वाकून उभा आहे. त्याच बाजूचा मध्यरक्षक, शेजाऱ्याच्या मनगटात मनगट अडकवून साखळी धरलेला, नुसता बघत नाही. चढाईपटूला मधल्या बाजूने परत फिरायची वाट राहू नये म्हणून तो अर्धं पाऊल पुढे सरकतो. तेवढ्याने चढाईपटूला कोपऱ्यातच खेळावं लागतं. तो पाय टाकतो, कोपरारक्षक घोटा धरतो. घोटा निसटणार एवढ्यात मध्यरक्षक छातीने धडक देऊन त्याला रेषेबाहेर घालवतो. शिट्टी. फलकावर पकडीचा गुण लागतो तो कोपरारक्षकाच्या नावावर. टाळ्या त्यालाच. फँटसीतले गुणही त्यालाच. अर्धं पाऊल पुढे सरकलेला पोरगा मांडीवरची माती झटकून परत साखळीत उभा राहतो.

आपल्याकडे घाटात बैलगाडा धावतो तेव्हा बारी किती सेकंदांत बसली ते सगळ्यांना कळतं. पण कोणता बैल ओढतोय आणि कोणता नुसता पळतोय, ते ज्याची दावण आहे त्यालाच कळतं. कबड्डी बघताना आपली नजर त्या मालकाची हवी.

आता पुन्हा दहाव्या हंगामाकडे येतो, कारण माझं म्हणणं तिथे उघड दिसतं. त्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटू ठरला दिल्लीच्या संघाचा आशू मलिक. सर्वोत्तम बचावपटू पलटणचाच इराणी खेळाडू मोहम्मदरझा शादलुई, ज्याच्यासाठी लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. आणि सर्वांत मौल्यवान ठरला अस्लम, जो चढाईच्या यादीतही पहिला नव्हता आणि पकडीच्या यादीतही नव्हता. तो चढाई करतो, गरज पडली की पकडीत उतरतो, आणि संघ मागे असताना कुणाला कधी पाठवायचं हे ठरवतो. पलटणने त्या वर्षी साखळी फेरीत ९६ गुण घेऊन पहिला क्रमांक मिळवला, त्यामागे हे होतं.

अस्लम वर आला तो नवोदित युवा खेळाडू म्हणून, आठव्या हंगामात. कोविडमुळे तो सगळा हंगाम बंगळुरूत झाला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित हा किताब त्याला मिळाला नाही. तो गेला त्याच संघातल्या मोहित गोयतला. मोहित चांगलाच खेळला होता, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून पुढचा कर्णधार कोण हे त्या दिवशी सांगता आलं नसतं. ज्यांच्या घरी सतरा-अठरा वर्षांचा कबड्डीपटू आहे त्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं.

उलट बाजूही सांगतो. सिद्धार्थ देसाई हा चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ला यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेच्या वर गुण केले. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातला तो सर्वांत महाग खेळाडू. फँटसी खेळणाऱ्या प्रत्येकाचा तो कर्णधार होता. पुढे खांदा दुखावला आणि एक हंगाम जवळजवळ वाया गेला. अस्लमलाही हे चुकलं नाही. २०२४च्या हंगामात गुडघा दुखावून तो बाहेर बसला. पुढच्या वर्षी परत आला, पलटणला अंतिम फेरीत घेऊन गेला आणि दिल्लीकडून हरला. खांदा आणि गुडघा यांचा अंदाज कुठल्याही ॲपला बांधता येत नाही.

आता वाट. तालुक्यातल्या शाळेच्या स्पर्धेपासून ती सुरू होते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. दुसरी वाट मंडळाची. मंडळ जिल्हा संघटनेकडे नोंदलेलं असलं पाहिजे, पोराची नोंदणी झाली पाहिजे, मग जिल्ह्याची निवड चाचणी, किशोर किंवा कुमार गटाची राज्य अजिंक्यपद स्पर्धा, तिथून राज्याचा संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा. प्रो कबड्डीच्या संघांची माणसं तिथे येऊन बसतात आणि नवोदित निवडतात. इथे वयाची अट आहे आणि वजनाचीही. वजन उतरवण्यासाठी पोरं चाचणीच्या आदल्या दिवशी पाणी बंद करतात, स्वेटर घालून धावतात. हे ताबडतोब थांबवा. त्या पोराच्या अंगात दुसऱ्या दिवशी खेळायला ताकद उरत नाही, आणि स्नायू ओढला जातो तो असाच.

आणि जागा किती? प्रो कबड्डीत बारा संघ. संघात अठरा ते पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून आणि परदेशातूनही मिळून फार तर तीनशे. त्यांतही हरियाणाची पोरं मोठ्या संख्येने. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. २०२३ला पवन सेहरावतने २ कोटी ६० लाखांचा आकडा गाठला. हे आकडे ऐकून घरचे लोक पोराची शाळा सोडवायला निघतात, म्हणून तीनशेचा आकडा मुद्दाम सांगितला. रेल्वे, पोलीस, सेनादल, बँका यांचे संघ आहेत, महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कबड्डीने बहुतेकांची घरं उभी राहिली ती या नोकऱ्यांवर. बारावी, पदवी आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं नीट जपून ठेवली नाहीत, तर ही वाटही बंद होते.

बेसबॉलचीच आणखी एक हकिगत सांगावीशी वाटते. २००८ साली भारतात एक स्पर्धा झाली, सर्वांत वेगाने चेंडू कोण फेकतो याची. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यातून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यांच्यावर पुढे हॉलिवूडचा सिनेमाही आला. पण अमेरिकेत मोठ्या लीगच्या खाली पायऱ्यांमागून पायऱ्या आहेत, आणि दोघांपैकी एकही वरपर्यंत पोचला नाही. हात होता, वेग होता. पण तिथली पोरं सहाव्या-सातव्या वर्षापासून जे खेळत आली होती ते यांना विशीत शिकायला लागलं. आपल्या पोरांचं उलटं आहे. ती पाच वर्षांची असल्यापासून मातीत खेळतात. कमी पडते ती मॅट. मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट धरून ठेवतो. मातीतली पकड मॅटवर तशीच मारली तर गुडघा पिळतो. अठराव्या वर्षी निवड चाचणीला गेल्यावर पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवणारा पोरगा तिथेच मागे पडतो, आणि आपण म्हणतो नशीब नव्हतं.

मुलींविषयी बोललो नाही तर माझं बोलणं अर्धवट राहील. २०१६ला महिलांची एक लीग झाली, तीन संघांची. ती परत झाली नाही. आपल्या तालुक्यांतल्या शाळांतून मुली उत्तम खेळतात, आणि बारावीनंतर त्यांच्यापुढे प्रो कबड्डीसारखी लिलावाची वाट नाही, मुख्यतः नोकरीचीच आहे. त्यामुळे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राची गरज त्यांना मुलांहून जास्त आहे. मुलीला जिल्ह्याच्या चाचणीला पाठवायला घरून नकार येतो तेव्हा मंडळाच्या बायकांनी त्या घरी जाऊन बसलं पाहिजे.

महाराष्ट्राने जानेवारी २०१८मध्ये हैदराबादला सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली. अकरा वर्षांनी मिळालं होतं ते. शंकरराव तथा बुवा साळवींनी ज्या राज्यातून हा खेळ देशभर नेला, त्या राज्याला अकरा वर्षं थांबावं लागलं. आपल्याकडे चढाईपटू तयार होतात, कारण बक्षीस चढाईला आहे. साखळी धरणारा तयार होत नाही, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून यात्रा कमिट्यांचे आणि मंडळांचे जे पदाधिकारी इथे बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे. येत्या हंगामात रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा भरवाल तेव्हा गुणलेखकाच्या वहीत एक रकाना वाढवा: पकडीला साथ कुणाची. प्रत्येक पकडीला दोन नावं लिहा. शेवटच्या दिवशी ती मोजा आणि उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड यांच्याबरोबर उत्कृष्ट मध्यरक्षकाचा चषक द्या, रक्कमही चढाईपटूएवढीच ठेवा. आणि जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव मिळून वर्गणी काढा व एक मॅट घ्या, पाळीपाळीने गावोगाव फिरवा. यंदाच्या यात्रांचा हिशेब अजून बंद झालेला नाही. त्यातूनच पहिली रक्कम बाजूला काढा.