साखर उतरली, पण कशाने?



आपल्या जळगाव जामोद परिसरात एकादशीचा उपवास निष्ठेने पाळला जातो. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेतलेले वृद्ध घामाघूम होतात, असंबद्ध बोलतात. घरच्यांना अर्धांगवायू वाटतो, क्वचित बाहेरची बाधाही! रक्ताच्या थेंबात साखर ७० मिलिग्रॅमहून कमी भरते. ग्लुकोज देताच रुग्ण डोळे उघडतो आणि नातेवाईक घरी नेण्याची घाई करतात. धोका येथेच आहे. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीचा अंमल दिवसभर टिकतो, मूत्रपिंड दुर्बल असल्यास त्याहून अधिक. साखर पुन्हा उतरते. म्हणून चोवीस तास देखरेख व क्रिएटिनिनची तपासणी आवश्यकच.

मधुमेह नसताना साखर ५५ खाली गेल्यास ग्लुकोजपूर्वीच रक्तनमुना घ्यावा. इन्सुलिनचा अतिरेक की कॉर्टिसॉलची उणीव, हे त्यातूनच उलगडते. बेशुद्ध रुग्णाचे ग्लुकोज मात्र नमुन्यासाठी अडवू नये.