मोसंबीचे पैसे आणि ग्राफिक्स कार्ड

आजचा एपिसोड अंबडवरून. दिवाळीला घरी आलोय, मागे फटाके ऐकू आले तर चालवून घ्या.

विषय माझ्या चुलत भावाने दिला. मोसंबीचे पैसे आले आणि काकांनी त्यातले दीड लाख त्याच्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढले. हा लगेच म्हणतो, “दादा, एकदाच घ्यायचं तर आरटीएक्स ५०८०च घेऊ ना.”

मी विचारलं, मॉनिटर कोणता? फुल एचडी, ७५ हर्ट्झ. अरे, मग कार्डाने सेकंदाला २०० फ्रेम काढल्या तरी स्क्रीन ७५च दाखवणार! फुल एचडीत साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पीत ३७ लाख, फोर-केमध्ये ८३ लाख. ५०८० त्या ८३ लाखांसाठी बनलंय. आधी मॉनिटर ठरवा, मग कार्ड. आपल्याकडे सगळे उलटं करतात, मीही केलं होतं.

२०२१ मध्ये, पहिल्या नोकरीच्या पगारातून. तेव्हा क्रिप्टो मायनिंगवाले कार्ड ढिगाने उचलत होते, भाव दुप्पट. तरी मी घेतलं, कारण ऑफिसातल्या मित्राने घेतलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, वापरलेल्या कार्डांनी बाजार भरला, आणि माझं कार्ड निम्म्यातही कुणी घेईना. घरी मी खरी किंमत सांगितलीच नव्हती. आज सांगतोय. आई ऐकत असशील तर सॉरी.

आता लाइटचं बघा, कारण यूट्यूबवरचे रिव्ह्यू हे सांगत नाहीत. ५०८० एकटं ३६० वॅट खातं, कंपनी ८५० वॅटचा पॉवर सप्लाय लावा म्हणते. भावाकडे ५५०चा. प्रोसेसर, मॉनिटर धरून गेम खेळताना ६०० वॅट सहज जातात. घरातला इन्व्हर्टर ८५० व्हीएचा, त्यातून जेमतेम ७०० वॅट निघतात, आणि त्यावर दोन पंखे, टीव्ही, दिवे आहेतच. लाइट गेली की इन्व्हर्टर बीप बीप करून बसणार. काकू कुणाला बोलतील ते सांगायला नको. रोज पाच तास खेळलास तर दिवसाला ३ युनिट, महिन्याला ९०. महावितरणचा पहिला स्लॅब १०० युनिटचा. म्हणजे बाकी घराचं बिल वरच्या दरात.

शिवाय ते ३६० वॅट शेवटी उष्णता म्हणूनच खोलीत येतात. याची खोली गच्चीवर, पत्र्याची. मे महिन्यात तिथे कूलरही हात टेकतो.

तो रुसला. म्हणाला, “तू पुण्यात बसून सांगतो.” तेही खरंच आहे म्हणा.

शेवटी आरटीएक्स ५०७० टीआयवर आलो. ३०० वॅट, मेमरी ५०८० इतकीच, १६ जीबी. अमेरिकेत लाँचला ५०८० ९९९ डॉलर होतं, हे ७४९. उरलेल्या पैशांत १४४०पी मॉनिटर आणि ७५० वॅटचा सप्लाय. इन्व्हर्टरवर पीसी लावायचाच नाही, वेगळा यूपीएस, तोही फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता. एएमडीचं ९०७० एक्सटी अजून स्वस्त पडत होतं, त्यातही १६ जीबी. पण याला ब्लेंडर शिकायचंय, तिथे एनव्हीडियाचं बरं चालतं.

काल खोकं आलं. बिलावरचा सीरियल नंबर खोक्याशी जुळवला, फोटो काढून ठेवला. काकांनी कार्ड हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, “यात मोसंबीचे किती कॅरेट गेले रे?”

आम्ही दोघंही केबल शोधायला लागलो.